डाग परत येईपर्यंत

डॉक्टरीणबाईंनी तिचा कोपर दिव्याखाली धरला, अंगठ्याने दाबला, नखाने हलकेच खरवडला. मग मान वर केली.

"काय लावलंत?"

"तुम्ही दिलेलंच. साधं मलम."

"साध्या मलमाने सोरायसिस असा शहाण्यासारखा खाली बसत नाही. मागच्या खेपेला इथे नखाएवढा डाग होता, चांगला उठलेला. आज खपली नाही, लाली नाही. तेज मलम लागलंय इथे." बाईंनी दिवा बाजूला केला. "लाज वाटते म्हणून लोक लावतात, मी रागावत नाही. पण खरं सांगा."

ती सांगणारच होती की नाही, काही लावलेलं नाही. तेवढ्यात तिला आठवलं, की मलमाची डबी गेले कित्येक दिवस तिच्या हातात आलेलीच नाही. अंघोळ झाली की आई मागे येऊन उभी राहायची. "दे, मी लावते. कोपराच्या मागे तुझं बोट कुठे पोचतंय?" आणि तीही मुकाट्याने हात वळवून द्यायची.

"चुकून लागलं असेल," ती म्हणाली.

"चुकून मीठ जास्त पडतं," बाई म्हणाल्या. "मलम लावावं लागतं."

मग त्यांनी तिचा उजवा अंगठा पुढे ओढला. नखावर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे होते. "हे वाढलेत," त्या म्हणाल्या, आणि या वेळी त्यांचा आवाज उतरला. "वडिलांचीही बोटांआधी नखंच गेली होती ना?"

तिने मान हलवली.

बाई ज्या औषधाच्या चाचणीत तिला घेणार होत्या, तो अभ्यास साधा होता. सोरायसिसचं ते नवं इंजेक्शन एरवी आजार बळावल्यावरच मिळतं. इथे ते ज्यांना नुकताच आणि थोडकाच झालाय त्यांना देऊन पाहायचं होतं. बाईंनी पहिल्या भेटीतच समजावलं होतं, "तुमच्या शरीराचे पहारेकरी साप साप म्हणून भुई धोपटतायत. हे औषध सगळ्यांना झोपवत नाही, जो ओरडून बाकीच्यांना चिथावतो त्या एकाचंच तोंड धरतं. डाग गेला तरी त्या जागी काही पेशी ठाण मांडून बसतात. जितके दिवस बसतील तितक्या मुरतात. लवकर उठवलं तर कदाचित पुढचं सगळं टळेल. कदाचित म्हणतेय हं. ते कळावं म्हणूनच हा खटाटोप." तिच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या होत्या, छातीचा फोटो झाला होता, सगळं स्वच्छ होतं. फक्त सुरुवातीच्या दिवशी डाग अंगावर हवा होता, नाहीतर तो कशाने गेला ते कुणी सांगायचं?

"महिनाअखेरीला दार बंद होतं," बाई म्हणाल्या. "तोवर डाग परत आला तर या. तेज मलम थांबलं की बहुधा येतो. नाही आला तर मला तुम्हाला घेता येणार नाही."

"म्हणजे आता आजार यावा म्हणून वाट पाहायची?"

"पाहायची," बाई म्हणाल्या.

घरी आई खिडकीशी बसून उशांचे उसवलेले अभ्रे शिवत होती. हिने चप्पलसुद्धा काढली नाही.

"आई, कोपराला काय लावत होतीस?"

आईने सुई अभ्र्यात टोचून ठेवली. खोटं बोलणं तिला कधी जमलं नाही. न बोलणं मात्र तिला उत्तम जमायचं. पण आज ती बोलली.

"बाबांचं मलम. कपाटात होतं."

कपाटात होतंच. बाबांना जाऊन वर्ष होत आलं तरी त्यांच्या ट्यूबा, पिळून चपट्या झालेल्यासुद्धा, वरच्या खणात तशाच होत्या. टाकायचा विषय दोघींपैकी कुणी काढला नव्हता.

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर लावू दिलं असतंस?"

"आई!"

"डाग गेला का नाही? गेला! मग सुई कशाला टोचून घ्यायची?" आई उठून उभी राहिली. "त्यांना हीच सुई सुरू केली आणि पुढचा हिवाळा त्यांनी पाहिला नाही. माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी. परत बघणार नाही."

"ते हृदयाने गेले."

"तू डॉक्टर?"

"तूही नाहीस."

"मी त्यांची बायको होते!"

थांबली असती तर रडली असती, म्हणून ती बोलत राहिली. "त्यांना सुई मिळाली तेव्हा बोटं वाकून गेली होती, आई. कातडी महिन्याभरात लख्ख झाली, बोटं कुठे सरळ झाली? काट्याचा नायटा झाल्यावर काटा काढून काय उपयोग? शेवटी शेवटी शर्टाची बटणंही तुला लावावी लागायची."

"लावत होते ना!" आईचा आवाज चिरकला. "लावायला माणूस होतं!"

त्यानंतर घरात फक्त भांडी वाजत राहिली.

ती कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडांचे साचे यायचे; त्यावर मेण चढवायचं, मेणात दात बसवायचे, तापल्या सुरीने हिरडीचा उतार कोरायचा. कारखाना म्हणजे दोन खोल्या, चार मेजं आणि मालक. खिडकीपाशी बाबांचं मेज होतं. बाबा इथे सबंध आयुष्य दात कोरत बसले होते, उन्हाळ्यातसुद्धा बाह्या मनगटापर्यंत ओढून. त्यांचाही डाग पहिल्यांदा कोपरावरच आला होता. एवढ्याशाला काय करायचं, असं सगळेच म्हणाले, तेही म्हणाले. मग नखं गेली. मग एके सकाळी मधलं बोट केळ्यासारखं सुजलं. ज्या हाताने ते दाढेवरची रेघ न् रेघ काढायचे, त्या हातातून सुरी निसटायला लागली, तेव्हा त्यांनी मुलीला शेजारी बसवून घेतलं आणि जे हाताला जमत नव्हतं ते तोंडाने शिकवलं.

"लोक म्हणतात दात कोरून पोट भरत नाही," मालक नव्या गिऱ्हाइकाला हमखास सांगत. "इथे तीन कुटुंबांची भरतात!" ती प्रत्येक वेळी हसायची. त्या दिवसांत हसली नाही, तेव्हा मालक खुर्ची ओढून जवळ आले.

"काय गं? चेहरा असा, की आमची कवळी तुलाच बसवलीय."

"काही नाही हो काका."

"बापासारखंच बोलतेस. त्यालाही कधी काही नसायचं." ते थोडा वेळ तिच्या हातांकडे बघत राहिले. "सुरी नीट धरवतेय ना?"

"धरवतेय."

"धरवतेय तोवर काय करायचं ते कर," मालक म्हणाले आणि उठून गेले. विनोद न करता उठलेले मालक तिने प्रथमच पाहिले.

सकाळी उठल्याबरोबर ती बोटं मिटून उघडायची. एकेक करून, अंगठ्यापासून. मग न्हाणीघरात पाठ फिरवून, हातातल्या आरशातून भिंतीवरच्या आरशात कोपर बघायचा. कोपर गुळगुळीत. ज्या डागाला तिने दोन वर्षं शिव्या दिल्या, त्याची ती आता पाहुण्यासारखी वाट पाहत होती, आणि पाहुणा रुसला होता. खड्डे मात्र अंगठ्यावरून शेजारच्या बोटावर उतरले. महिना सरत आला. दवाखान्यातून सिस्टरचा फोन आला, "आलं का काही?" तिने नाही म्हटलं आणि फोन ठेवल्यावर पाहिलं, तर दारात आई उभी होती. आई तशीच आत गेली.

शेवटचा दिवस उजाडला. कोपर कोराच होता. केस वर बांधून ती ओट्यापाशी चहा गाळत होती. रडू येत नव्हतं. उलट एक कोरडी शांतता आली होती, निकाल लागल्यावर येते तशी.

"मान खाली घाल," मागून आई म्हणाली.

"का?"

"घाल म्हणते ना."

आईचं बोट तिच्या मानेला लागलं, केस सुरू होतात तिथे, आणि तिथेच थांबलं. बोट गार होतं.

"इथे आलाय," आई म्हणाली. "लाल आहे. वर पांढरी खपली आहे."

तिने गाळणं खाली ठेवलं. आरसा आणायला जावं, की आईचं बोट तिथेच राहू द्यावं, हे तिला काही क्षण कळेना.

"परवाच दिसला होता मला," आई म्हणाली. "तू केस बांधत होतीस तेव्हा."

"परवा?"

"हो. गप्प बसले." आईने बोट काढून घेतलं. "आजचाच दिवस उरला होता. आज संध्याकाळपर्यंत बोलले नसते की संपलं असतं. पहाटेपासून तेच घोकत होते, बोलू नकोस, बोलू नकोस. मग तू उठलीस आणि बोटं मोजायला लागलीस. मी बघते रोज, तुला वाटतं मी झोपलेली असते." ती जरा थांबली. "आवर. मीही येते. मला त्या बाईला विचारायचंय."

बाईंनी मान पाहिली, भिंगातून पाहिली, सिस्टरला मापं लिहून घ्यायला सांगितली. कोपराला हात लावल्यावर त्या थबकल्या. तिथेही त्वचा आता खरखरीत लागत होती. "घेता येईल," त्या म्हणाल्या. सिस्टर इंजेक्शन आणायला वळली तशी आई खुर्चीतून उठली.

"थांबा. आधी मला सांगा. माझे यजमान या सुईने गेले का?"

ती शरमेने "आई" म्हणाली. आईने ऐकलं नाही.

बाईंनी आईचं बोलणं पुरतं ऐकून घेतलं. कधी सुरू केली, कधी ताप आला, कधी छातीत दुखलं, सगळं. मग म्हणाल्या, "मी त्यांना तपासलेलं नाही. इतकी वर्षं अंगात धुमसणारी आग हृदयालाही झळ लावते, आणि मला तीच शक्यता जास्त वाटते. पण सुईचा काहीच संबंध नव्हता असं छातीवर हात ठेवून मी म्हणणार नाही. मला माहीत नाही."

"आणि हिला काही होणार नाही?"

"संसर्गाचा धोका थोडा वाढतो. म्हणून तपासण्या केल्या, आणि करत राहू. ताप आला की ताबडतोब फोन करायचा, अंगावर काढायचं नाही. आणि फायदा होईलच, हेही मी लिहून देणार नाही."



"काही होत नाही म्हणाला असतात," आई म्हणाली, "तर हाताला धरून घेऊन गेले असते हिला." आणि ती खाली बसली.

सिस्टरने दंडाला गार फडका लावला. सुईकडे न बघता लेक आईकडे बघत होती. आई सुईकडे बघत होती. बाबांच्या प्रत्येक इंजेक्शनला ती भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. आज तिने मान वळवली नाही. औषध संपेपर्यंत, कापसाचा बोळा बसेपर्यंत, ओठ घट्ट मिटून बघत राहिली.

"अर्धा तास इथेच बसायचं," सिस्टर म्हणाली.

बाहेरच्या बाकावर दोघी बसल्या.

"दुखलं?" आईने विचारलं.

"नाही."

"खोटं बोलू नकोस."

"थोडं."

आईने कापसाच्या बोळ्यावर आपला तळवा ठेवला आणि तो दाबून धरला, गरज नव्हती तरी.