निकोनची शुद्धी

निकोनच्या आज्याने म्हणे आसऱ्यासाठी देवाच्या वेदीला बिलगून बसलेल्या माणसाला ओढून काढून मारलं होतं. कुणाला मारलं, का मारलं, हे गावात कुणालाच धड सांगता येत नव्हतं. पण त्याचा डाग नातवापर्यंत आलाय, याबद्दल कुणाच्या मनात तीळभर शंका नव्हती. अंजिरांना कीड लागली की निकोनमुळे. शेळी गाभडली की निकोनमुळे. गावप्रमुख फेनिप्पोस पिऊन शिडीवरून कोसळला, तर त्या सकाळी निकोन शिडीजवळून गेलाच होता. बळीच्या वेळी सगळ्यांवर पवित्र पाणी शिंपडत, तेव्हा त्याने कुंपणाबाहेर उभं राहायचं. त्याची चूल विझली तर निखारा मागायची सोय नव्हती. त्याच्या पोळ्यांतला मध मात्र गाव मिटक्या मारत खायचं. मधाला विटाळ नसतो, असा या धर्मात्म्यांनी शोध लावला होता.

निकोनने हेही गिळलं असतं. पण मुलगी मिर्टो वयात आली. वसंतातल्या मिरवणुकीत देवीची टोपली डोक्यावर घेऊन पुढे चालायचा मान निष्कलंक घरातल्या मुलीलाच मिळे, आणि गावाची नजर त्याच मुलींवर असे. डागी घरात स्थळ घेऊन कोण येणार? मिर्टो एकदाच म्हणाली, "बाबा, पणजोबांनी मारलं तेव्हा मी कुठे होते?" आणि परत लोकर पिंजायला बसली.

निकोनने अथेन्सहून शुद्धी करणारा आणला. त्या माणसाने डुकराचं पिल्लू कापलं, रक्त निकोनच्या हातांवर ओतलं, वाहत्या पाण्याने ते धुतलं आणि गावासमोर सांगितलं की हे घराणं आता स्वच्छ झालं. रक्ताचा डाग रक्तानेच जातो, हे गावच सांगत आलं होतं, त्यामुळे कुणाला तोंड उघडता येईना. मिर्टोचं नाव टोपलीसाठी ठरलं.

आणि गारा पडल्या. द्राक्षवेली पार झोडपून निघाल्या. गाव सवयीने निकोनकडे वळलं आणि अडकलं, कारण तो शुद्ध. मग खापर फोडायचं कुणाच्या माथी? व्याही व्याह्याची कुळी काढू लागला. बघता बघता अर्ध्या गावाचे आजे खुनी निघाले. फेनिप्पोसच्या आज्यावर तर दोन खून आले. तेव्हा प्रमुखाला घाई झाली आणि त्याने सभा बोलावली.

सभेत कुणाला तरी ड्राकिस आठवला. हा लंगडा कोळसेवाला टेकडीवर एकटा राहायचा. निकोनला गपचूप निखारा आणून देणारा गावात तेवढा एकच. त्याच्या आजीने नवऱ्याला विष घातलं होतं, असं एक म्हातारा म्हणाला. पुरावा काय, तर नवरा मेल्यावर ती चांगली ठणठणीत जगली. सभेला हे एकदम पटलं.

फेनिप्पोस गोड आवाजात म्हणाला, "निकोन, तू बोल बाबा. या विषयात तुझ्याइतका जाणता कोण आहे? आणि ड्राकिस निर्दोष असला, तर तुझा तो शुद्धीवाला खरा होता की खोटा, ते आम्हाला परत बघावं लागेल. टोपलीचंही बघावं लागेल."

ड्राकिस सभेच्या कडेला बसून निकोनकडे पाहत होता. काही मागत नव्हता, नुसता पाहत होता.

"त्याच्या घरून माझ्याकडे विस्तव यायचा," निकोन म्हणाला. "आमच्यामुळे गावावर जे जे आलं, ते कदाचित त्या निखाऱ्यांतूनच आलं असेल."

सभा सुटका झाल्यासारखी हसली. एकाने निकोनच्या पाठीवर थाप मारली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला त्या गावात कुणी हात लावला होता, आणि तो स्पर्श त्याला फार आवडला. ड्राकिसला गावच्या हद्दीबाहेर काढायच्या मतासाठी हात वर करायला सांगितले, तेव्हा त्याचा सगळ्यांच्या आधी गेला.

ड्राकिसने काठी घेतली. कुणी हाकलायची वाट न बघता तो उठला आणि जाताना निकोनपाशी थांबला.

"तुझ्या आज्याने काय केलं, ते मला माहीत नाही रे," तो म्हणाला. "तुझ्या नातवंडांना कुणी विचारलं, तर त्यांना मात्र सांगता येईल."

निकोनला शरम वाटली, खरंच वाटली. पण मिर्टोला टोपली मिळाल्याच्या आनंदापेक्षा ती लहान निघाली.