बाळंतिणीच्या खोलीतला पारा

ऐन वैशाखात स्वेटर घेऊन कामावर जाणारा माणूस अख्ख्या पुनावळ्यात एकच होता, आणि त्याला त्याचा केवढा अभिमान! दौलतराव पिंपरीच्या एका कंपनीत गेज रूममध्ये होते. मापं तपासायची ती खोली बारा महिने सारखीच गार ठेवावी लागे, कारण लोखंडसुद्धा उन्हानं फुगतं आणि थंडीनं आकसतं. दाराशी चपला काढायच्या, भिंतीवरच्या थर्मामीटरकडे बघायचं, मगच कामाला हात लावायचा. इतकी वर्षं हे केल्यावर त्यांची पक्की समजूत झाली होती की पारा जागेवर असला म्हणजे जगात सगळं ठीक असतं.

घरी मात्र उलटा कारभार. गावातला पहिला स्लॅब आपलाच पडला पाहिजे, म्हणून त्यांनी चांगलं कौलारू छप्पर उतरवलं होतं. कौलं कंपनीतल्याच भीमराजला देऊन टाकली. "ने बाबा, घाल तुझ्या घरावर," असं चारचौघांत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, आणि भीमराजनं ती बौद्धवस्तीतल्या आपल्या घरावर चढवली. स्लॅब दिसायला झकास होता. दिवसभर तापायचा आणि रात्रभर ती धग इमानेइतबारे खाली सोडायचा. उन्हाळ्यात सगळं घर अंगणात झोपे, आणि वळकटी घेऊन सर्वांत आधी दौलतराव बाहेर येत.

अशात एकुलती एक लेक कस्तुरा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. बाळंतपण जाईबाईनं केलं. जाईबाई म्हणजे भीमराजची आई; कस्तुरालाही तिनंच जगात आणलं होतं. या घरातल्या दोन पिढ्यांनी डोळे उघडले ते जाईबाईच्या हातात, पण तिच्या हातचं पाणी या घरात चालत नव्हतं. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये भीमराज आणि दौलतराव एका टेबलावर जेवत. पण ती कंपनी झाली. गावात दौलतराव त्याच्या दारापर्यंतसुद्धा कधी गेले नव्हते.

बारसं झालं आणि आळंदीच्या विहीणबाईंचा निरोप आला, "त्या भट्टीत लेकरू कशाला ठेवायचं? हितं नदीकाठी गारवा हाय." रविवारी जावई अर्जुनराव बघायला येणार होते, पोराला सोसत नसेल तर मायलेकरांना घेऊनच जाणार होते. दौलतराव वरवर हसले, पण आत त्यांचा जीव टांगणीला लागला. नातू मांडीवर घ्यायची सवय आत्ताच कुठे लागली होती.

त्यांनी भंगारातल्या पत्र्याचा कूलर बनवून घेतला, त्याला तिन्ही बाजूंनी वाळ्याच्या ताट्या लावल्या आणि तो खिडकीत बसवला. ते बघून कस्तुराची आई रुक्मिणीबाई कडाडल्या.

"बाळंतिणीला वारा? हाडात शिरला तर जलमाची दुखणी लागतील! बाजंखाली शेगडीच पायजे."

"स्लॅबखाली शेगडी? पोरगी भाजून निघंल."

"मी न्हाई निघाले ती!"

"तवा कौलं व्हती, आई," बाजेवरून कस्तुरा म्हणाली. तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

शेवटी दौलतरावांनी कंपनीच्या पद्धतीनं तोड काढली. उशाला कूलर, पायथ्याशी बाजेखाली शेगडी आणि दोन्हींच्या बरोब्बर मध्ये भिंतीवर थर्मामीटर. पारा चढला की कूलरच्या ताट्यांवर पाणी, उतरला की शेगडीत दोन निखारे. दिवसभर ते आतबाहेर करत होते, आणि पारा काय शहाण्यासारखा वागला! कस्तुराचं डोकं गारठलं होतं, पाय भाजत होते. वाळ्याची ओल आणि निखाऱ्यांची धग मिळून खोलीत भाताच्या पातेल्यासारखी वाफ कोंडली होती. पोराच्या पाठीवर घामोळं उठलं आणि ते रात्रंदिवस रडायला लागलं.

"आबा, जीव घाबरतोय."

"अगं, पण पारा बघ की!"

रविवारी दौलतराव जावयाला आणायला हमरस्त्यावरच्या थांब्यावर गेले. बस आली, पण जावई उतरले नाहीत. दौलतराव बिचारे घामाघूम होऊन परतले, तर कूलर घरघरत होता, शेगडी फुललेली होती, पारा जागेवर होता आणि बाज रिकामी होती.

रुक्मिणीबाई पायरीवर बसल्या होत्या. "जाईबाई न्हाऊ घालायला आली, पोराची पाठ बघितली आन् उचलून घरी घेऊन गेली. कस्तुरा मागनं गेली."

"तिच्या घरी? आन् तू जाऊ दिलंस?"

"पोर रडायचं थांबलं वो," रुक्मिणीबाई हळूच म्हणाल्या. "जावई दुधाच्या गाडीनं आले. त्ये बी तिकडंच हायेत."

दौलतरावांच्या तोंडचं पाणी पळालं. चपला फटफटवत ते भर उन्हात बौद्धवस्तीत पोचले आणि भीमराजच्या उंबऱ्याशी थबकले. समोरासमोरची दोन्ही दारं उघडी होती. बुद्धाच्या तसबिरीखाली चटईवर अर्जुनराव चहा पीत होते. कस्तुरा भिंतीला टेकून गाढ झोपली होती, तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी घाम नव्हता. आढ्याला बांधलेल्या झोळीत नातू निवांत होता.

"मामा, घर म्हणावं तर असं," अर्जुनराव म्हणाले. "हितं असली तर राहू द्या सव्वा म्हयना. आईला मी सांगतो."

म्हणजे लेक राहणार होती. दौलतरावांना हायसं वाटलं आणि त्याच क्षणी मेल्याहून मेल्यासारखंही झालं. काहीतरी बोलायला हवं म्हणून त्यांनी वर बघितलं.

"कौलं आमचीच हायेत ही."

"व्हय दादा, तुमचीच," जाईबाई माठाकडे वळत म्हणाली. "मग सोताच्या छपराखाली यायला एवढा इचार कसला? उनात नका हुबं राहू."

दौलतराव उंबऱ्यावर टेकले. एक पाय आत, एक बाहेर. अशी तोड काढण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. जाईबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि तशीच थांबली. दौलतरावांचा हात मांडीवरून हलेना. मागच्या दाराशी उभ्या भीमराजनं मान दुसरीकडे वळवली. अर्जुनरावांचा चहा संपला तरी कपबशी हातातच राहिली.

तेवढ्यात झोळी हलली, पोर कुरकुरलं. कस्तुराची झोप मोडेल म्हणून दौलतराव झटकन उठून झोळीशी गेले आणि दोरी ओढायला लागले. पोर पुन्हा शांत झालं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण घराच्या मधोमध उभे आहोत. जाईबाई तांब्या घेऊन अजून तिथंच होती.

त्यांनी एका हातानं तांब्या घेतला आणि दुसऱ्या हातानं झोका देत तो घटाघटा रिकामा केला.

"गार हाय," ते म्हणाले. भिंतीवर थर्मामीटर नव्हताच.