बर्नीची पिवळी खुर्ची

वेल्डन गॅपला रस्ते दोनच, वरचा आणि खालचा. मागं डोंगर, पुढं ओढा, आणि ओढ्यापलीकडं खाणीतून निघालेल्या भुकटीचा काळा ढीग, इतका उंच की खालच्या रस्त्यावर हिवाळ्यात दुपारीच दिवे लावावे लागतात. खाणी केव्हाच बंद पडल्या, पण खाणीतलं पाणी कुणाचं ऐकत नाही. ते अजून येतं आणि ओढा नारिंगी करून सोडतं. पूर्वी वरच्या रस्त्यावर वेल्श मुकादम राहायचे आणि खालच्या रस्त्यावर पूर्व युरोपातून आलेले रुसिन आणि स्लोव्हाक मजूर. दोन्ही रस्त्यांचं हाडवैर होतं. आता वरच्या रस्त्यावर कुणीच राहत नाही, त्यामुळे वैरही आपोआप मिटलं.

तरी कागदोपत्री हा अजून बरो, म्हणजे स्वतःचा कारभार असलेलं गाव होता. स्वतःचा मेयर, स्वतःचा भोंगा, वेशीवर स्वतःची निळी पाटी. पाटीवर गाव कधी वसलं आणि कुणाच्या नावावरून, ते लिहिलं होतं. लोकसंख्या लिहिली नव्हती, ते बरंच. "लिहिली असती तर मला दर महिन्याला रंगाचा डबा घेऊन शिडीवर चढावं लागलं असतं," असं मेयर बर्नी सबोल म्हणायचा. एके काळी इथं तीन हजार माणसं होती. आता सगळे मिळून एका बसमध्ये मावले असते आणि मागच्या सीटवर पाय पसरून झोपलेही असते.

त्या बसमधली एक इरीन हुदाक. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे त्याहून म्हातारे. जुन्या पंचांगाप्रमाणे जानेवारीत येणाऱ्या नाताळची आदली संध्याकाळ होती आणि ती मागच्या स्वयंपाकघरात मशरूमचं आंबट सूप ढवळत होती. हिवाळाभर ती याच खोलीत राहायची. पुढची खोली तापवायची कुणासाठी? टेबलावर दोन ताटं होती. एक तिचं, एक रिकामं. या रात्री एक ताट न आलेल्या माणसासाठी मांडायचं, ही तिच्या आजीपासूनची रीत. आजीला तो माणूस कोण हे ठाऊक नव्हतं. इरीनला पक्कं ठाऊक होतं.

डेनिस, तिचा एकुलता एक मुलगा. बापाला पुरलं त्या दिवशी तो तिच्यावर भडकला होता. नवऱ्याच्या थडग्याच्या दगडावर इरीननं शेजारी स्वतःचंही नाव आणि जन्मसाल कोरून घेतलं होतं. पुढं एक आडवी रेघ, आणि रेघेपुढं मोकळी जागा. इथं सगळेच तसं करतात. पण डेनिस म्हणाला, "जिवंतपणीच स्वतःला पुरून घेतेयस तू. चल माझ्याबरोबर ओहायोला." ती म्हणाली, "माझं नाव इथं कोरलंय. तुला लाज वाटत असेल तर येऊ नकोस." तो आला नाही. दोघंही एकाच मातीचे, हट्टाला पक्के. मधे अकरा वर्षं गेली. फोनवर नुसते औषधं विकणारे बोलायला लागले, तेव्हा मागच्या उन्हाळ्यात तिनं फोनही काढून टाकला.

तरी दर वर्षी या संध्याकाळी ती दारापुढचा बर्फ काढून गाडीपुरती जागा करायची आणि तिथं तिची हिरवी खुर्ची ठेवायची. बर्फ काढील त्याची जागा, हा इथला कायदा. खुर्ची ठेवली की त्या जागेला कुणी हात लावत नाही, मेयरही नाही. कुठली खुर्ची कुठल्या घरची, हे शेंबडं पोरही सांगायचं. आणि माणूस गेलं, घर रिकामं झालं, की शेजारी आपली खुर्ची तिथं सरकवतो. त्यावर कुणी बोलत नाही. खुर्ची बदललेली दिसली की समजून घ्यायचं.

मागचं दार ढकलून बर्नी आत आला आणि बूट आपटू लागला.

"काय गं, आज मधाबरोबर खायचा माझ्या वाटचा लसूण सोललास का?"

"तुझा तूच सोल. आणि तो चिखल बाहेर झटक."

"मेयरशी जरा नीट बोल." तो खुर्चीत टेकला. "तुझ्या दारापुढचा बर्फ काढलाय मी. त्या गुडघ्यावर दया कर म्हटलं."

"कुणी सांगितलं होतं तुला? आता खुर्ची ठेवायला जायलाच हवं मला."

"नको. माझी ठेवलीय, पिवळी."

इरीनला ते आवडलं नाही. बर्नी लसूण सोलायला लागला.

"मघाशी एक गाडी आली होती," तो म्हणाला. "ओहायोच्या नंबरची. अंधारात तोंड दिसलं नाही, चुकला असेल बिचारा. तुझ्या दारापुढं उतरला, खुर्चीभोवती फिरला, तुझ्या अंधाऱ्या खिडकीकडं बघत राहिला. म्हटलं आता खुर्ची बाजूला सारून गाडी लावतोय. तर पठ्ठ्या परत गाडीत बसला."

इरीनच्या हातातला चमचा थांबला. "खुर्चीला हात नाही लावला?"

"नाही ना."

परका असता तर त्यानं खुर्ची उचलून भिंतीला टेकवली असती आणि खुशाल गाडी लावली असती. खुर्चीला भिणारा माणूस इथलाच.

"बर्नी," ती म्हणाली, "माझ्या दारात तुझी खुर्ची. घरात अंधार. फोन लागत नाही. माझ्या पोरानं काय समजावं?"

बर्नीनं लसूण खाली ठेवला. मग त्याचा चेहरा उतरला. "अरे देवा. मी आपलं तुझ्या भल्यासाठी..."

"कुठं गेला तो?"

"डोंगराकडं."

डोंगरावर फक्त कब्रस्तान होतं. बर्नी उठला. "ट्रक काढतो. पाच मिनिटांत गाठतो त्याला."

"बस खाली."

"अगं, तो तुझं थडगं शोधतोय."

"शोधू दे. दगड ठाऊक आहे त्याला. बर्फ झटकला की कळेल." तिनं सूपाखालची आच कमी केली. "डोंगरावरून परतायची वाट माझ्या दारावरूनच जाते. मेलेल्या आईसाठी आला तो. मी जिवंत आहे कळल्यावरही थांबतो का, ते मला बघायचंय. तू तेवढी तुझी खुर्ची घेऊन जा."

बर्नी पिवळी खुर्ची काखेत मारून गेला. इरीननं पुढच्या खोलीतला दिवा लावला, कोट चढवला आणि हिरवी खुर्ची ओढत बाहेर नेली. खुर्ची ठेवून आत जायला हवं होतं, पण पाय ऐकेनात. ती खुर्चीवरच बसली.

रस्त्यावर बाकीच्या खिडक्या काळ्या होत्या. त्यातल्या प्रत्येक घरात पूर्वी कोण राहायचं, हे तिला सांगता आलं असतं, पण विचारणारं कुणी नव्हतं. अकरा वर्षं वाट बघणं सोपं होतं, असं तिला वाटलं. तेव्हा तो येत नव्हता, एवढंच. आता तो दारावरून निघून जाऊ शकत होता. तिला खूप भीती वाटली.

वर कब्रस्तानात दोन दिवे हलले. मग हळूहळू खाली उतरायला लागले, वळणावर दिसेनासे झाले, पुन्हा दिसले. गाडी खालच्या रस्त्याला लागली. तिचा वेग कमी झाला नाही. दार ओलांडून ती चार घरं पुढं गेली.

मग ती थांबली. बराच वेळ तशीच उभी राहिली आणि मागं मागं येऊ लागली.

डेनिस उतरला. टक्कल पडलं होतं त्याला, अगदी बापासारखं. हात लालभडक झाले होते.

"बर्फ गोठला होता दगडावर," तो म्हणाला. "नखांनी काढला. रेघेपुढं तारीख नव्हती, आई."

"टाकायला कुणी नको का?" ती म्हणाली आणि कशीबशी उठली. "चल. सूप निवतंय. ही खुर्ची आत घे, टेबलाला एक कमी आहे."

तो खुर्चीपाशी गेला. हात पुढं झाला आणि वरच्यावर थांबला.

"उचल रे," ती म्हणाली. "आपलीच आहे."