पुलावरचा हिरवा रेनकोट

अल्लाबक्षची लेक झोया नर्स होऊन आयर्लंडला निघाली, तेव्हा त्याचं म्हणणं एवढंच होतं, की मिरजेत पावलापावलाला दवाखाना असताना सातासमुद्रापार जायची गरज काय. ते तिला पटलं नाही. मग तो रागानं म्हणाला, "जातीस तर जा, मला फोन करू नको." जन्मात बापाचं एक न ऐकलेल्या पोरीनं हे मात्र तंतोतंत ऐकलं. त्याला दोन वर्षं झाली.

आईला मात्र ती रोज फोन करी. ताहेरा स्पीकर लावून बोले आणि अल्लाबक्ष भिंतीकडं तोंड करून चहा पिई. असंच एकदा त्याच्या कानावर आलं, की झोया ज्या पुलावरून चालत दवाखान्यात जाते तिथं कॅमेरा आहे, आणि तो पूल इंटरनेटवर साऱ्या जगाला दिसतो. ताहेरानं त्या पानाचं नाव दोनदा मोठ्यानं म्हणून घेतलं. भिंतीला ऐकू जावं म्हणून असेल.

घरात स्मार्टफोन एकच, तो ताहेराकडं. अल्लाबक्षचा फोन बटणांचा. पण तासगाव रस्त्यावरच्या ज्या शीतगृहात तो बेदाण्याचे नमुने तपासायचा, तिथं कंपनीनं त्याला टॅब दिला होता. दुपारी तो डबा उघडी आणि टॅब पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवी. तिकडं तेव्हा सकाळ असायची, धुक्यात माणसं मुंगीएवढी. चेहरा दिसत नसे, पण उजवा खांदा पाडून चालणारी पिवळ्या रेनकोटातली मुंगी त्याची होती. पुलाच्या मध्यावर ती जरा थांबे. नदी बघत असावी, असं त्याला वाटे. ती दिसेनाशी झाली, की मग भाकरी घशाखाली उतरे.

एका संध्याकाळी तो घरी बोलून गेला, "तिला म्हणावं, एवढी जड पिशवी एकाच खांद्याला अडकवू नको."

ताहेरानं तव्यावरची भाकरी उलटली. "तुमाला काय ठावं?"

"अंदाज."

पुढं कुठल्याशा कंपनीच्या टॅबवरून शेतकऱ्यांचे आधार आणि बँक खात्यांचे नंबर बाहेर गेले, आणि सगळ्याच कंपन्यांना अचानक खासगीपणाची काळजी वाटू लागली. सांगलीच्या कार्यालयातून शिवांजली नावाची मुलगी आली.

"काका, ब्राउझरमध्ये आता फक्त आपल्या कंपनीचं पान उघडेल. लोकेशन बंद, पासवर्ड साठवणं बंद. परवानगीशिवाय कुणाचं खासगी कुणाला दिसता कामा नये."

"बरोबर हाय," अल्लाबक्ष म्हणाला आणि त्याचे कान तापले. "पर एक पान ऱ्हाऊ द्या की. हवामानाचं."

"कुठलं?"

"आयर्लंडचं."

"आपला माल जातो तिकडं?"

"गेलाय."

"किती टन?"

"एकच नग."

शिवांजलीनं टॅबवरचा पूल पाहिला, मग त्याच्याकडं पाहिलं. "काका, कामाचं कारण लिहून द्यावं लागेल. मुख्य कार्यालय मंजूर करील, मग उघडून देईन."

अल्लाबक्षनं बराच विचार केला. कंपनीच्या कामाचं असं त्यात काहीच नव्हतं. "ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुलाच्या जागी एक ओळ आली : हे पान उघडण्याची परवानगी नाही. त्यानं टॉवेलानं काच पुसून पाहिली. ओळ आणखी स्वच्छ दिसली. डबा भरलेलाच घरी आला.

ताहेरानं डबा उघडून पाहिला. मगरिबच्या नमाजानंतर फोन वाजला.

"अम्मी," झोया म्हणाली, "आज नवा रेनकोट घातलेला, हिरवा. पुलावर लय वेळ थांबले. अब्बांनी वळखलं का?"

अल्लाबक्षनं हातातली बशी खाली ठेवली. म्हणजे ती नदी बघत नव्हती.

ताहेरानं फोन त्याच्यापुढं धरला. "आवं, तुमीच सांगा. नव्या पोरांना रोज शिकवता न्हवं, वरचा थर बघून पेटी पास करू नका, तळापत्तुर हात घाला? आन् सोता मातर दोन वर्सं वरनंच बघताय."

त्यानं फोन हातात घेतला.

"पान बंद केलंय कंपनीनं," तो म्हणाला. दोन वर्षांनी लेकीशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "मग आता कसं, अब्बा?"

"हिरवा म्हंजी कसला हिरवा?"

"बेदाण्यासारखा."

"बेदाण्यात छप्पन हिरवे असत्यात," अल्लाबक्ष म्हणाला. "तोंडी सांगून कळत न्हाई. कॅमेरा लाव. दाखव."