साहेबांना न कळलेली फुली

मी एक जुनी फुली आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. बाईंनी तुमच्या चुकलेल्या गणितावर मारलेली ती मी नव्हे. ती माझी थोरली बहीण. मी राहते कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर, एका कमांडमध्ये. माझ्या अगोदर एक आडवी रेघ असते आणि नंतर नावांची यादी.

माझं काम नीट ऐका, दोनदा सांगणार नाही. मोजमापांच्या भल्यामोठ्या फाइलमधून हवी तेवढीच मोजमापं वेगळी काढायची असतील, तर त्यांची नावं लिहायची. मी नसले, तर यादीतली राहतात आणि बाकीची जातात. मी असले की उलटं. यादीतली जातात, बाकीची राहतात. एवढंच. याला काय मोठी अक्कल लागते?

मला घडवलं एका आळशी प्राध्यापकाने. साठ नावांतली तीन त्याला नको होती आणि उरलेली सत्तावन्न टाइप करायचा कंटाळा आला होता. सूचनांच्या पानावर त्याने माझ्याबद्दल एक स्वच्छ ओळ लिहून ठेवली. ती वाचणारे मोजायला एका हाताची बोटंसुद्धा जास्त होतील.

त्यातल्या एक म्हणजे तळ्याकाठच्या प्रयोगशाळेतल्या ताई. बावीस वर्षं दर मंगळवारी त्या होडीतून जायच्या आणि पाण्याचं तापमान, गढूळपणा, प्राणवायू मोजायच्या. यंत्र मात्र स्वतःचीच खबरबात जास्त लिहायचं. बॅटरी किती उरली, वायरचा नंबर काय. तो केर काढायला ताई मला बोलवायच्या. "चला फुलीबाई, झाडू घ्या," म्हणायच्या. मला फार अभिमान वाटायचा.

मग नवे साहेब आले. डोक्यावर गॉगल, डोक्यात उजेड नाही. तळ्यातले मासे का मरताहेत याचा अहवाल द्यायचा होता आणि त्याला ताईंचेच आकडे लागणार होते.

"द्या हो ताई, मी काढतो. सूचना वाचत बसायला वेळ कुणाला आहे?"

साहेबांना जन्मात एकच फुली माहीत. फॉर्मच्या चौकटीत मारायची ती, म्हणजे 'हे हवं'. त्यांनी मला ऐटीत बसवलं आणि पुढे लिहिलं: तापमान, गढूळपणा, प्राणवायू. वर नव्या फाइलला जुन्याच फाइलचं नाव दिलं. पडद्याने विचारलं, जुनी पुसू का? साहेबांनी न वाचता 'हो' दाबलं. मी ओरडणार कशी? मला तोंड कुठे आहे!

बावीस वर्षांचं तळं गेलं. राहिली बॅटरी. दर मंगळवारची, अगदी टक्केवारीसकट! धन्य ते साहेब!

"ही कमांडच बिघडलेली आहे," ते म्हणाले. नाचता येईना, अंगण वाकडं. दुसरी प्रत होती, पण जागा अडते म्हणून ती त्यांनीच आदल्या आठवड्यात पुसली होती. ताई खुर्चीत बसल्या. रडल्या नाहीत, पण चष्मा पुसायला त्यांना फार वेळ लागला.

मग त्यांनी कपाटातून वह्या काढल्या. यंत्राचा भरवसा नाही म्हणून होडीतच पेन्सिलने लिहिलेल्या.

"सर, मी वाचते. तुम्ही टाइप करा."

साहेब तीन आठवडे दोन बोटांनी टाइप करत होते. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

एका पानावर मात्र आकडेच नव्हते. नुसती पेन्सिलची फुली होती.

"ताई, ही फुली कशाची?"

"त्या मंगळवारी मी गेले नाही. सकाळीच आई गेली होती."

साहेबांची बोटं थांबली. "मग इथे काय भरू?"

"रिकामं ठेवा."

बावीस वर्षांत तेवढी एकच फुली होती, मित्रांनो. तिचा अर्थ साहेबांनी निदान विचारला. माझा विचारायला एक मिनिट लागलं असतं. तुम्ही तरी विचारत जा. आणि न वाचता 'हो' दाबणाऱ्याच्या हाती कुणाची बावीस वर्षं देऊ नका, मग तो साहेब का असेना.