बिनवासाची पेटी

माझ्या अंगावर नक्षी नाही, पितळी कड्या नाहीत आणि मला वासही नाही. हसू नका, मित्रांनो. मी चहाची पेटी आहे, आणि चहाच्या पेटीला वास नसणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे कळायला माणसांना बराच वेळ लागतो.

माझा जन्म चीनमधल्या एका डोंगराळ गावातला. शेन नावाच्या म्हाताऱ्या सुतारानं मला घडवलं. फळी हातात घेतली की आधी तो तिला नाक लावायचा. राळेचा किंवा कापराचा जराही दरवळ आला की फळी बाजूला पडायची. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला की वाण नाही पण गुण लागतो म्हणतात ना, चहाची तीच गत. मिरीजवळ ठेवला तर तो मिरीचा होतो, कातड्याजवळ ठेवला तर कातड्याचा. म्हणून माझ्या आत शिशाचा पातळ पत्रा बसवला, त्यावर कागद घातला आणि मग मिऱ्यांएवढ्या गोळ्या वळलेला हिरवा चहा काठोकाठ भरला.

"जा बाई, लांब जायचंय," झाकण ठोकताना शेन म्हणाला. "वाटेत कुणाचं काही घेऊ नकोस."

मी ऐकलं त्याचं. जहाजाच्या पोटात कित्येक महिने काढले. दोन्ही बाजूंना मसाल्याची पोती होती, खाली खारं पाणी डचमळत होतं. पण आतल्या चहाला मी कशाचा वारा लागू दिला नाही. दोन-तीन बंदरं बदलून अखेर मोरोक्कोच्या मोगादोर बंदरात उतरले. तिथल्या लोकांच्या आजोबांनी चहाचं नुसतं नाव ऐकलं होतं. नातवंडांनी मात्र त्यात पुदिना आणि साखर घालून तो असा आपलासा केला, की हे पान मूळचं कुठलं असं विचारलं तर सांगायचे, "कुठलं म्हणजे? बंदरातून येतं."

तिथून उंटाच्या पाठीवर बसून मी डोंगरातल्या एका विहिरीजवळ आले. तिथे इज्जाचं घर होतं. तिचा नवरा तांड्याबरोबर फिरायचा. त्याच्या शेवटच्या खेपेत त्यानं मला आणलं आणि महिन्याभरातच तो तापानं गेला. इज्जाच्या पदरी दोन मुली, चार शेळ्या आणि मी. तिनं विहिरीवर थांबणाऱ्यांना चहा करून विकायला सुरुवात केली.

तिचा थोरला भाऊ बिही, वडीलधाऱ्यांना 'दा' म्हणायच्या तिकडच्या रीतीनं दा बिही, वाईट नव्हता. पण बहिणीनं वाटसरूंना चहा पाजावा हे त्याच्या गळी उतरेना. "दोन खोल्यांचं का होईना, माझं घर आहे. चल तिकडे," असा त्यानं धोशा लावला.

"तुझ्या घरात दोन बायका आधीच एका चुलीसाठी भांडतात. तिसरी कशाला?" इज्जा म्हणायची.

शेवटी असं ठरलं, की मोठ्या तांड्याचा म्होरक्या दा हम्मू इथे मुक्काम करायला कबूल झाला, तर इज्जानं राहावं. नाही झाला, तर चूल विझवून भावाकडे जावं. तिनं हो म्हटलं. मला तेव्हा तिची फार काळजी वाटली.

बिहीनं मात्र मोठ्या मनानं तिच्यासाठी बंदरातून एक पेटी आणली. अरारच्या सुगंधी लाकडाची, नक्षीची, अशी घमघमणारी की शेजारणी दारातूनच वास घ्यायच्या. "पाहुणे येतील. हे खोकं काय दाखवणार त्यांना?" असं म्हणून त्यानं माझ्यातला निम्मा चहा तिच्यात ओतला. उरलेल्या चहासकट मला अंगणात भिंतीशी ढकललं. मला वाईट वाटलं. माझ्यापेक्षा जास्त वाईट त्या चहाचं वाटलं.

तीन आठवड्यांनी भर दुपारी तांडा आला. काय ठरतं ते बघायला बिहीही येऊन बसला होता. दा हम्मूचा गुडघा धरलेला, त्याला खाली बसवेना. इज्जानं माझ्यावर मेंढीचं कातडं टाकून त्याला बसवलं. तिनं साखरेचा सुळका फोडला, चहा उकळला, घोटभर चाखला आणि तिचा चेहरा उतरला. तीन आठवडे घरात त्याच वासात वावरून तिचं नाक सरावलेलं. काय बिघडलं ते तिला कळेना. सगळाच चहा जुना होऊन गेला, असं तिला वाटलं. पण पाहुणे वाट बघत होते.

तिकडे पाहुणा तीन पेले घेतो. त्याआधी उठणं म्हणजे यजमानाचा पाणउतारा. दा हम्मूनं एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"पोरी, माझे उंट उन्हात उभे आहेत," तो हळूच म्हणाला.

"चहा आहे की सुताराचं दुकान उकळलंय?" मागून एक उंटवाला पुटपुटला आणि दोघं-तिघं हसले.

बिहीनं आपला पेला नाकाशी नेला. त्याला कळलं. हा वास चहात कुठून आला, ते कळलं फक्त त्यालाच. तो गप्प बसला असता, तर त्याच दिवशी बहीण त्याच्या मागोमाग चालू लागली असती. वर्षभर त्याला तेच तर हवं होतं. मी जीव मुठीत धरून बसले होते.

"दा हम्मू, जरा उठता का?" बिही म्हणाला.

"उठतोच आहे मी."

"निघायला नाही हो. तुम्ही चांगल्या चहावर बसलाय."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. बिहीचे कान लाल झाले, पण तो थांबला नाही. "हिच्या हातात खोट नाही. ती नक्षीची पेटी मी आणली. लाकडाचा वास चहात उतरला. माझी अक्कल गुडघ्यात."

"माझा गुडघा नुसता दुखतो. तुझं दुखणं मोठं दिसतंय," दा हम्मू म्हणाला आणि कण्हत उठला.

माझं झाकण उघडलं. इज्जानं मूठभर गोळ्या नाकाशी धरल्या आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नवा चहा झाला. तिनं तो हात उंच करून फेसाळता ओतला. दा हम्मूनं एक पेला घेतला, दुसरा घेतला, तिसरा सावकाश संपवला.

"पुढच्या खेपेला अठ्ठावीस माणसं असतील," तो म्हणाला. "साखर पुरेशी आणून ठेव."

त्यानंतर मी किती वेळा रिती झाले आणि भरले, याची गणती नाही. आता चहा पत्र्याच्या डब्यांतून येतो आणि मी माळ्यावर लोकर सांभाळते. माझी तक्रार नाही. तुम्हाला मात्र सांगते, मित्रांनो, घरातली साधी वस्तू दूर सारण्याआधी तिनं इतके दिवस काय जपलं ते बघा. आणि मायेनं काही बिघडवलंत, तर चारचौघांत तसं सांगायला लाजू नका. बिही बोलला, म्हणून इज्जाची चूल तिच्याच घरात राहिली. तिला न्यायला तो पुन्हा कधी आला नाही. चहा प्यायला मात्र दर बाजाराच्या दिवशी यायचा.