देवघरातला मेन

चैत्रातली सकाळ होती. आंबा काढायचे दिवस, म्हणून गडीमाणसं कलमांत गेलेली, आणि रामाच्या देवळात उत्सव, म्हणून गोपाळकृष्ण सरांचं सगळं चित्त त्यांच्या पेटीत गुंतलेलं. रत्नागिरीजवळच्या त्या गावात सर शाळेतून निवृत्त झाले तरी 'सर'च राहिले होते. सकाळी सोवळं नेसून पूजा करायची, संध्याकाळी कीर्तनाला पेटीची साथ करायची, आणि मधल्या वेळात आल्यागेल्याला ऐकवायचं, "आमची उर्वी वीज शिकते हो! विद्यापीठात! इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स दोन्ही!"

माणूस मायाळू. आदल्याच संध्याकाळी बुवांनी आख्यान लावलं होतं, तहानेनं तडफडणाऱ्या जनावराला देवासाठी आणलेलं पाणी पाजणाऱ्या संताचं. सरांना पेटीवर सूर धरवेना इतके ते रडले. उपरण्यानं डोळे पुसत घरी आले आणि म्हणाले, "भूतदया म्हणजे काय, ते आज कळलं."

त्यांची थोरली मुलगी उर्वी परीक्षेच्या वाचनासाठी सुट्टीवर आली होती. येताना तिनं एक लहानसं खोकं आणलं होतं. घरात कुठं वीज झिरपू लागली, की डोळ्याचं पातं लवायच्या आत पुरवठा तोडणारा ब्रेकर. विहिरीवरच्या जुन्या पंपाचं तिला भय वाटे. त्याची अर्थिंगची तार गंजून तुटली होती, आणि गावातला वायरमन आज येतो, उद्या येतो, म्हणत होता. तोवर हा ब्रेकर तरी मेन बोर्डात बसवावा, असं तिनं ठरवलं होतं.

मेन बोर्ड होता देवघरात. या घरात पहिल्यांदा वीज आली, तेव्हा उर्वीच्या आजोबांनी हट्ट धरला, की पहिला दिवा देवापुढं लागला पाहिजे. मीटर आणि मेन देवघराच्याच भिंतीला ठोकून घेतले. हेतू भक्तीचाच होता. बोर्ड मात्र तिथंच राहिला, आणि त्याला हात लावायला अंघोळ, सोवळं सगळं आलं.

"बसव की," सर कौतुकानं म्हणाले होते. "उद्या अंघोळ करून बसव. परका माणूस देवघरात नको, तू घरचीच आहेस."

पण त्या सकाळी उर्वी उठली, ती अडचण येऊनच. मग कसलं बसवणं? मागच्या पडवीत सतरंजी, वेगळं ताट, वेगळा तांब्या. चौथ्या दिवशी न्हाईपर्यंत स्वयंपाकघराला, देवघराला, विहिरीला शिवायचं नाही. खोकं तिच्या उशाशी राहिलं.

आई, गावाची उमाकाकू, लांबून चहाचा पेला सरकवत म्हणाली, "काय गो इंजिनीअरबाई, तुमच्या विजेला विटाळ होतो का?"

"विजेला कसला विटाळ? ती राव बघत नाही, रंक बघत नाही. वाट मिळाली, की चालली."

"मग बरंय की! तिच्यापेक्षा देव थोर ना? मग त्याला कसा होतो?" असं म्हणून आई स्वतःच दचकली आणि पदर तोंडाशी धरून हसली. "बाबांना सांगू नकोस हो. पेटी सोडून माझ्यावरच कीर्तन करतील."

"तू सांग ना त्यांना. तुझं ऐकतात."

"माझं? अगो, मी लग्न होऊन आले तेव्हापासून या पडवीत बसतेय. इथल्या पाली मला नावानं ओळखतात." आई उठली. "चल, पाणी चढवते. टाकी रिकामी आहे."

"आई, तो पंप आज राहू दे."

"आणि नैवेद्याला पाणी? धाकटी पूर्वी शाळेत गेलीय, तू बाजूला. उरलं कोण?"

खरं म्हणजे पंप चालवायचं काम सुट्टीत उर्वीचंच असे. तो पाणी धरत नसे. आधी त्याच्या तोंडात कळशीनं पाणी ओतायचं, मग बटण दाबायचं. उर्वी कोरडी फळी पायाखाली घेई, रबरी सपाता घाली. आईला तिनं दहादा बजावलं होतं. पण आई सोवळ्यात होती, सपाता कुठल्या?

पंप चालू झाल्याचा आवाज आला. कोरडाच घरघरला. मग पितळी कळशीचा आवाज आला, आणि मग काहीच नाही.

उर्वीनं मान वर केली. आई पंपावर ओणवी झाली होती आणि तिचा हात सुटत नव्हता. विहिरीचा सगळा कट्टा पाण्यानं भिजलेला, पंपाचं बटण तिच्या पलीकडे. उर्वीला काय करायचं ते ठाऊक होतं. पहिल्या वर्षी पहिल्या तासाला शिकवतात तेच. माणसाला धरायचं नाही, आधी पुरवठा तोडायचा. ती उठली आणि धावली. स्वयंपाकघर ओलांडलं, माजघर ओलांडलं, आणि देवघराच्या उंबऱ्याशी आली.

सर घंटा वाजवत होते. त्यांनी वळून पाहिलं.

"उर्वी! थांब! उंबरा!"

आणि ती थांबली.

बारा वर्षांची असल्यापासून ती त्या उंबऱ्याशी थांबत आली होती. तिच्या पायांना तेच वळण होतं. "बाबा, मेन! मेन खाली ओढा! आई चिकटलीय!" असं ती ओरडली खरी, पण उंबऱ्याबाहेरून. सर घाबरून बोर्डाकडे वळले. देवापुढचा दिवा गेला. पंखा थांबला. तिसरं बटण दाबून त्यांनी विचारलं, "कुठलं गो? यातलं कुठलं?" मेनचा खटका त्यांनी जन्मात कधी ओढला नव्हता. तेव्हा उर्वी आत शिरली आणि तिनं खटका खाली पाडला.

घंटेचा नाद अजून पुरता विरला नव्हता. पण उशीर झाला होता.

पुढचं सगळं उर्वीनं लांबून पाहिल्यासारखं पाहिलं. माणसं आली. गाडी आली. डॉक्टरांनी मान हलवली. तिनं पाहुण्यांना चहा केला, कुणी आता तिला स्वयंपाकघरात अडवलं नाही. तिला रडू येत नव्हतं. जेवणात मीठ आहे की नाही, कळत नव्हतं. एकदा ती न्हाणीघरात साबणाच्या वेष्टनावरची अक्षरं कितीतरी वेळ वाचत उभी राहिली. सावर्ड्याची मैत्रीण ऋतिका फोनवर म्हणाली, "पेपर जवळ आलेत गं, तू येशील ना?" त्यावर तिनं "हो" म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर कशाला हो म्हटलं ते तिला आठवेना.

शेजारणी सांत्वनाला येत आणि सांगत, "भरल्या कपाळानं गेली. सोनं झालं हो तिचं."

सर पेटीच्या खोलीत बसून असत. पेटी बंद. देवळातून रात्री झांजांचा आवाज यायचा, तेव्हा ते खिडकी लावून घेत.

सुतकाचे दिवस सुरू झाले तशा केळशीहून सावित्रीआत्या आल्या, सरांच्या थोरल्या बहीण. तरुणपणी विधवा झालेल्या, कडक सोवळ्याच्या, हाताला उसंत नाही अशा. त्यांनीच घर सावरलं. आणि घर सावरता सावरता त्यांनी त्या सकाळचा अर्थही लावला. आधी चुलीशी पुटपुटल्या, मग ओटीवर उघड म्हणाल्या, "बाजूची पोर देवघरात शिरली. रामाच्या नवरात्रात! घात व्हायचा तो झाला."

आता ही गोष्ट गावात पसरायला काय वेळ? दोन-चार दिवसांत ती पाणवठ्यापासून देवळापर्यंत पोचली. उमाकाकू विजेनं गेली, हे मागं पडलं. पोरीच्या विटाळानं गेली, हे पुढं आलं.

उर्वीला कुणी काही थेट म्हणालं नाही. म्हटलं असतं, तरी तिनं मान डोलावली असती.

तेरावं झाल्यावर आत्यांनी सरांना समोर बसवून ठरवलेलं सांगितलं. देवघराची शुद्धी करायची. उर्वीनं प्रायश्चित्त घ्यायचं. कॉलेज यंदा पुरे. आणि पूर्वी, म्हणजे उर्वीची धाकटी बहीण, नववीतली, तिला केळशीला न्यायचं. "या घरात आता बाई नाही. पोरीला शिवाशिवीचं वळण कोण लावणार? माझ्यापाशी राहील, शिकेल."

सर काही बोलले नाहीत. न बोलणं म्हणजे होकारच धरतात.

शुद्धीच्या दिवशी माजघरात पाट मांडले. गुरुजी आले. चार शेजारणी आल्या. पूर्वीची पिशवी दाराशी भरून ठेवलेली, आणि ती भिंतीला चिकटून उभी, चेहरा पांढराफटक. गुरुजींनी पंचगव्याची वाटी पुढं केली.

"ओंजळ कर गो," आत्या म्हणाल्या.

उर्वीनं ओंजळ केली. तिला त्यात काही वाटलं नाही. पाणी म्हणाले असते तर पाणी प्याली असती.

आत्या पूर्वीकडे वळल्या. "नीट बघून ठेव, पूर्वी. बाजूच्या बाईनं देवघरात पाय टाकला, की काय होतं ते. हेच तर शिकायचंय तुला."

उर्वीची ओंजळ तशीच राहिली. तिनं पूर्वीकडे पाहिलं. मग अगदी सपाट आवाजात, तोंडी परीक्षेत विचारावं तसं विचारलं, "आत्या, आधी काय झालं?"

"म्हणजे?"

"मी आत आधी शिरले, की आई आधी चिकटली?"

"हे काय विचारणं झालं?"

"आम्हाला हेच शिकवतात. बिघाड आधी कुठं झाला, मग त्यातून काय काय झालं, ते क्रमानं लावायचं. क्रम चुकला, की दोष भलत्याच ठिकाणी सापडतो." ती थांबली. ओंजळ खाली घेतली. "आई आधी चिकटली. मग मी धावले. मग मी उंबऱ्याशी थांबले. मग आत गेले. मी आत गेले, तेव्हा वीज सुटली, आत्या. माझ्या आत जाण्यानं ती सुटली. आई गेली ती मी थांबले म्हणून."

"उर्वी, जीभ आवर!" एक शेजारीण म्हणाली.

"आणि त्या दिवशी मला बाजूला बसवलं नसतं, तर सकाळीच न्हाऊन ब्रेकर बसवला असता. तेही क्रमात धरा."

तेव्हा पेटीच्या खोलीतून सर बाहेर आले. अंगात सदरा नाही, दाढी वाढलेली. ते माजघराच्या मध्यावर उभे राहिले आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा सगळ्यांकडे पाहून बोलले.

"ती थांबली, कारण 'थांब' मी म्हटलं. राम समोर होता. तो काही बोलला नव्हता, मी बोललो." ते आत्यांकडे वळले. "जनावराला पाणी पाजलं ते ऐकून मी रडलो, सावित्रीताई. आणि घरात..." त्यांनी गुरुजींपुढची वाटी उचलून बाजूला ठेवली आणि हात जोडले. "गुरुजी, राग नसावा. शुद्धी व्हायची असेल तर माझी होऊ दे. माझ्या मुली काही घेणार नाहीत, आणि कुठं जाणारही नाहीत."

गुरुजींनी पोथी गुंडाळली. शेजारणी एकेक करून उठल्या.

आत्या मात्र खाली बसल्या. रागावल्या नाहीत, हे नवल. जमिनीकडे बघत, कुणालाच उद्देशून नव्हे, असं म्हणाल्या, "मग आम्ही जन्मभर बाहेर बसलो, ते कशाला बसलो?"

वाचकहो, देवळात आपण टाळ्या वाजवून नाम घेतो, आख्यानाला रडतो, आणि घरी परतून आपल्याच लेकीसुनांना पडवी दाखवतो. आत्यांना काय उत्तर द्यायचं, ते आपल्यापैकी कुणाला ठाऊक असेल, तर त्यानं सांगावं.

दुपार कलली. सकाळपासून कुणी जेवलं नव्हतं. उर्वीनं भात टाकला, आमटीला फोडणी दिली. फोडणीचा वास तिला आला की नाही, ते तिला सांगता आलं नसतं. पानं मांडली, तेव्हा पूर्वी स्वयंपाकघराच्या दारातच घुटमळत राहिली. मग तिनं ताईला हळूच बोलावलं आणि कानाशी पुटपुटली, "ताई, सकाळपासून... माझी अडचण आलीय. भीतीनं सांगितलं नाही. मी आता कुठं बसू?"

उर्वीनं वळून बाबांकडे पाहिलं. त्यांना ऐकू गेलं होतं. आत्यांनाही गेलं होतं.

सर उठले. त्यांनी स्वतःच्या शेजारचा पाट हातानं पुसला, सरळ केला आणि म्हणाले, "इथं बस, बाळ."

पूर्वीनं आत्यांकडे पाहिलं. आत्यांनी मान खाली घातली, पण त्या हलल्या नाहीत. पूर्वी बसली. सरांनी पळी घेतली. वाढायची सवय नव्हती, थोडा भात पानाबाहेर सांडला. तो सांडलेला भात आत्यांनी हात पुढं करून उचलला आणि पूर्वीच्या पानात ठेवला.

"जेव," त्या म्हणाल्या.